चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण आज नेमका किती? (चंद्राच्या गतीचा हिशोब)

क्रांतिवृत्त:

चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा उगवतो हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे भेटतं. सरासरी म्हणून ते बरोबरच आहे. पण आजच्या चंद्रोदयात सात वेळा ५० मिनिटं मिळवून पुढच्या आठवड्याची वेळ काढायला गेलात, तर एक-दोन तासांची चूक सहज निघते. ती कुठून येते यावर हा धागा.

आधी सरासरीचं बघू. चंद्र ताऱ्यांमधून दिवसाला १३.१८ अंश पूर्वेकडे सरकतो आणि सूर्य ०.९९ अंश. म्हणजे चंद्र सूर्याच्या रोज १२.१९ अंश पुढे जातो. पृथ्वीला तेवढं जादा वळावं लागतं, आणि ती वळेपर्यंत चंद्र आणखी थोडा सरकलेला असतो. सगळं धरून ५०.५ मिनिटं होतात.

हा आकडा दोन कारणांनी हलतो. पहिलं म्हणजे चंद्राचा वेगच एकसारखा नाही. उपभूजवळ (पृथ्वीपासून सर्वात जवळ) तो दिवसाला सुमारे १५.४ अंश चालतो, तर अपभूजवळ (सर्वात दूर) ११.८. दुसरं कारण जास्त मोठं आहे, ते म्हणजे चंद्राचा मार्ग क्षितिजाशी किती अंशांचा कोन करतो. मार्ग क्षितिजाला टेकल्यासारखा तिरपा असेल, तर चंद्र १३ अंश सरकूनही क्षितिजाखाली फारसा उतरत नाही आणि उशीर कमी होतो. मार्ग उभा असेल तर उशीर वाढतो.

उत्तर गोलार्धात चंद्र मीन राशीच्या आसपास असतो तेव्हा हा कोन सर्वात लहान असतो. सप्टेंबरच्या पौर्णिमेला चंद्र तिथेच असतो, म्हणून त्या दिवसांत तो लागोपाठ संध्याकाळी जवळजवळ त्याच वेळी उगवताना दिसतो. ५० अंश अक्षांशावर तेव्हाचा उशीर अर्ध्या तासाच्याही खाली येतो. विषुववृत्ताकडे जावं तसा हा चढउतार कमी होतो, तिथे उशीर साधारण ४० मिनिटांपासून तासाच्या जरा वरपर्यंत राहतो. एक गोष्ट मात्र लोकांच्या नजरेतून सुटते. चंद्र दर महिन्याला मीन राशीतून जातोच, त्यामुळे कमी उशिराचे दिवस दर महिन्याला येतात. इतर महिन्यांत तेव्हा पौर्णिमा नसते आणि उदय दिवसाढवळ्या किंवा पहाटे होतो, म्हणून लक्षात येत नाही, इतकंच.

अष्टमी:

उत्तम धागा. दोन शंका आहेत. वेग बदलतो तो फक्त कक्षा लंबवर्तुळाकार आहे म्हणून का? तसं असेल तर केप्लरच्या नियमांनी सगळं सुटायला हवं. दुसरं, चंद्रावर सूर्याचं ओढणं पृथ्वीच्या दुप्पट असतं असं वाचलं आहे. मग चंद्र पृथ्वीभोवती टिकतो कसा?

पातबिंदू:

तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर एकाच जागी आहे.

सूर्यामुळे चंद्राला मिळणारं त्वरण सुमारे ५.९ मिलीमीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि पृथ्वीमुळे मिळणारं २.७. गुणोत्तर २.२, म्हणजे तुम्ही वाचलं ते खरं. पण पृथ्वीलाही सूर्य तितक्याच त्वरणाने ओढतो आहे. दोघंही सूर्याकडे सारखीच पडत असतील तर एकमेकांच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. उरतो तो फक्त फरक. चंद्र सूर्याच्या बाजूला असताना त्याला थोडं जास्त ओढलं जातं, पलीकडे असताना थोडं कमी. हा फरक काढला तर पृथ्वीच्या ओढीच्या जेमतेम १.१ टक्के, म्हणजे ८९ भागांत एक भाग भरतो. चंद्र पृथ्वीपाशी टिकतो तो यामुळे.

याचा एक परिणाम बऱ्याच आकृत्यांमध्ये चुकीचा काढलेला असतो. सूर्याभोवतीचा चंद्राचा मार्ग नागमोडी किंवा वेटोळ्यांचा नाही. सूर्याची ओढ कायम वरचढ असल्यामुळे तो मार्ग प्रत्येक ठिकाणी सूर्याकडेच वळलेला असतो. अमावास्येलाही तो बाहेरच्या बाजूला वळत नाही. प्रमाणात काढला तर बारा-तेरा कोपरे किंचित गोलावलेल्या बहुभुजासारखा दिसेल, आणि कागदावर वर्तुळापासून वेगळा ओळखूही येणार नाही.

आता केप्लर. ती १.१ टक्के ओढाताणच केप्लरचा हिशोब बिघडवते. तिच्यामुळे कक्षेची विकेंद्रता (लांबटपणा) स्थिर राहत नाही. सरासरी ०.०५५ असली तरी ती ०.०२६ पासून ०.०७७ पर्यंत हलते. लंबवर्तुळाचा लांब अक्ष ८.८५ वर्षांत एक फेरी मारतो. कक्षेचं प्रतल क्रांतिवृत्ताशी (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाशी) ५.१४ अंश कललेलं आहे आणि दोन्ही मार्ग जिथे छेदतात ते पात, म्हणजे राहू आणि केतू, १८.६ वर्षांत उलट्या दिशेने फिरतात. न्यूटनला गुरुत्वाकर्षणावरून अक्षाच्या फिरण्याचा वेग काढताना निम्माच मिळत होता. फ्रेंच गणिती क्लेरोलाही आधी निम्माच मिळाला आणि व्यस्त वर्गाच्या (अंतराच्या वर्गाने ओढ कमी होते या) नियमातच दुरुस्ती लागेल असं त्याने मांडलं. पुढे १७४९ मध्ये पुढची पदं घेतल्यावर हिशोब जुळला आणि नियम होता तसाच राहिला.

क्रांतिवृत्त:

पातबिंदूंनी पाया घातलाच आहे, तर वहीवर चंद्राची जागा काढायची रीत देतो. साधा कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त तो अंशांवर ठेवा. रेडियनवर राहिला तर सगळी उत्तरं कचरा येतील, आणि ही चूक फार होते.

१ जानेवारी २०००, जागतिक वेळेनुसार दुपारी १२ पासून किती दिवस गेले ते दशांशासह मोजा. त्याला 'दि' म्हणू. मग हे चार कोन काढा आणि प्रत्येकातून ३६० च्या पटी वजा करा:

चंद्राचा मध्यम भोग (सारख्या वेगाने चालला असता तर क्रांतिवृत्तावर जिथे असता तो कोन), ल = २१८.३१६ + १३.१७६३९६ × दि
उपभूपासून अंतर, म = १३४.९६३ + १३.०६४९९३ × दि
सूर्यापासून मध्यम अंतर, अ = २९७.८५० + १२.१९०७४९ × दि
सूर्याचं त्याच्या उपसूर्य बिंदूपासून अंतर, स = ३५७.५२९ + ०.९८५६००३ × दि

खरा भोग = ल + ६.२८९ साइन(म) + १.२७४ साइन(२अ − म) + ०.६५८ साइन(२अ) + ०.२१४ साइन(२म) − ०.१८६ साइन(स)

पहिलं आणि चौथं पद लंबवर्तुळामुळे येतं. १.२७४ चं पद म्हणजे इव्हेक्शन (सूर्याच्या ओढीने विकेंद्रता हलते त्याचा परिणाम), जे प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीला माहीत होतं. ०.६५८ चं पद टायको ब्राहेने शोधलं. शेवटचं पद वर्षभरात पृथ्वी-सूर्य अंतर बदलतं त्यामुळे आहे. ही तीनही सूर्याची करणी.

उदाहरण म्हणून ७ सप्टेंबर २०२५, जागतिक वेळ १८:०० घेऊ. दि = ९३८१.२५. त्यावरून ल = ३४९.३८, म = ३००.९३, अ = १८२.३१, स = २४३.६९. पदं क्रमाने −५.३९५, +१.१४२, +०.०५३, −०.१८९, +०.१६७ येतात. बेरीज −४.२२, म्हणून खरा भोग ३४५.१६ अंश. त्याच क्षणी सूर्याचा भोग १६५.३६ येतो, म्हणजे त्याच्या बरोबर समोरचा बिंदू ३४५.३६. चंद्र ०.२ अंश मागे आहे. तेव्हा तो सूर्याच्या तुलनेत तासाला ०.५५ अंश चालत होता, म्हणून पौर्णिमा १८:२२ ला यायला हवी. प्रत्यक्षात ती १८:०९ ला झाली. पाच पदांत १३ मिनिटांची चूक!

कोणतं पद किती महत्त्वाचं आहे ते याच उदाहरणात बघा. एकही पद घेतलं नाही, तर पौर्णिमा सात तासांहून जास्त आधी येते. फक्त ६.२८९ चं पद घेतलं, तर दोन तासांहून जास्त उशिरा येते. म्हणजे शुद्ध लंबवर्तुळावर थांबलात तर दोन तासांची चूक पदरात पडते, आणि ती जवळजवळ सगळी इव्हेक्शनची असते.

अष्टमी:

करून पाहिलं, उत्तर जुळलं. इव्हेक्शनच्या पदात एक गंमत दिसते. पौर्णिमा आणि अमावास्येला २अ शून्याइतकं होतं, मग ते पद −१.२७४ साइन(म) होऊन पहिल्या पदातून वजाच होतं ना?

क्रांतिवृत्त:

अगदी बरोबर पकडलंत. पौर्णिमा-अमावास्येला दोन्ही मिळून ६.२८९ − १.२७४, म्हणजे ५.०१५ उरतात. अष्टमीच्या आसपास २अ १८० अंश होतं आणि दोन्हींची बेरीज होऊन ७.५६ येतात. म्हणूनच ग्रहणांच्या वेधांवर बांधलेल्या जुन्या गणितांत चंद्राचा संस्कार (मध्यम भोगाला करायची दुरुस्ती) कमाल ५ अंशांच्या जवळ आहे. ग्रहणापुरतं ते गणित उत्तम चालतं, मात्र अष्टमीचा चंद्र त्यात अडीच अंशांपर्यंत चुकतो. अडीच अंश म्हणजे चंद्राच्या पाच बिंबांइतकं अंतर.

पातबिंदू:

यात शराची, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या वर-खाली असण्याची भर घालतो, कारण ग्रहण होणार की नाही ते त्यावर ठरतं. पातापासूनचं अंतर, प = ९३.२७२ + १३.२२९३५० × दि, आणि शर = ५.१३ साइन(प). इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मध्यम 'प' तसाच वापरणं. वरच्या उदाहरणातल्या पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. तिथे प = १.११ अंश येतो, त्यावरून शर +०.१० अंश, म्हणजे चंद्र छायेच्या जवळपास मधोमध. प्रत्यक्षात तसं नव्हतं. भोगाला केलेला −४.२२ चा संस्कार 'प' लाही करायलाच हवा, कारण चंद्र खरा जिथे आहे तिथून पात मोजायचा असतो. मग प = −३.११ आणि शर −०.२८ अंश. चंद्र छायाकेंद्राच्या दक्षिणेकडून गेला आणि खग्रास अवस्था ८२ मिनिटं टिकली. मधोमध गेला असता तर ती शंभर मिनिटांच्या वर गेली असती.

पडताळा हवा असेल तर २२३ चांद्रमास मागे जा. २२३ चांद्रमास म्हणजे ६५८५.३२ दिवस, २४२ पातमास (पात ते पात) ६५८५.३६ दिवस आणि उपभू ते उपभू असे २३९ मास ६५८५.५४ दिवस. तीनही आकडे इतके जवळ असल्यामुळे १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस आणि ८ तासांनी जवळपास तसंच ग्रहण पुन्हा येतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं २८ ऑगस्ट २००७ ला झालं, नंतरचं १९ सप्टेंबर २०४३ ला आहे. त्या ८ तासांमुळे ते दर वेळी पृथ्वीवर सुमारे १२० अंश पश्चिमेकडे सरकतं.

भिंगवाला:

गणित चालू आहे तर मोजणीही हवी. चंद्राचं अंतर महिनाभरात बदलतं ते स्वतः मोजता येतं. दुर्बिणीला मोटर असेल तर ती बंद करा. आयपीसमध्ये तार किंवा आडवी-उभी रेघ असलेली बरी. पौर्णिमेच्या आसपास चंद्राची पुढची कड रेघेला टेकल्यापासून मागची कड निघेपर्यंतचे सेकंद मोजा. पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या. चंद्र स्वतः पूर्वेकडे सरकत असल्यामुळे त्याचा आकाशातला सरासरी वेग मिनिटाला १५.०४ नाही, १४.४९ कला धरायचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग).

बिंबाचा व्यास (कलांत) = सेकंद ÷ ६० × १४.४९ × कोसाइन(क्रांती)

क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर. समजा १४० सेकंद आले आणि चंद्राची क्रांती २० अंश आहे. व्यास ३१.८ कला येतो. चंद्राचा खरा व्यास ३४७५ किलोमीटर धरून अंतर सुमारे ३ लाख ७६ हजार किलोमीटर.

कोसाइन विसरलात तर सगळं फुकट. उपभू आणि अपभूचं बिंब ३३.५ आणि २९.४ कला, म्हणजे क्रांती शून्य असताना १४० आणि १२१ सेकंद. पण नेहमीच्या सरासरी बिंबालाही २८ अंश क्रांतीवर १२९ ऐवजी १४६ सेकंद लागतात. अंतराचा परिणाम मोजताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात क्रांती मोजली जाते. शिवाय पौर्णिमेपासून दोन दिवस लांब गेलात की एक कड अंधारात जाते. मग पूर्व-पश्चिम मोजू नका, दक्षिणोत्तर व्यास मायक्रोमीटरने घ्या. चंद्र डोक्यावर असताना आपण पृथ्वीच्या त्रिज्येइतके त्याच्या जवळ असतो, त्यामुळे बिंब क्षितिजावरच्यापेक्षा दीड-पावणेदोन टक्के मोठं भरतं. वर दिलेल्या रीतीची अचूकता साधारण या फरकाइतकीच आहे, म्हणून दरवेळी चंद्र साधारण सारख्याच उंचीवर असताना मोजा.

अष्टमी:

आणि चंद्राची एकच बाजू दिसते म्हणतात, पण ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो असंही वाचलं. तेही या बदलत्या वेगामुळेच का?

भिंगवाला:

बरंचसं त्यामुळेच. चंद्र स्वतःभोवती एकसारख्या वेगाने फिरतो, पृथ्वीभोवती मात्र कधी पुढे कधी मागे. वर क्रांतिवृत्तांनी दिलेला ६.२८९ चा फरक आहे ना, तेवढाच चंद्र आपल्याला डावी-उजवीकडे वळलेला दिसतो. इव्हेक्शन वगैरे धरून ते ७.९ अंशांपर्यंत जातं. वर-खालचं डोलणं वेगळ्या कारणाचं आहे. चंद्राचा अक्ष त्याच्या कक्षेच्या लंबाशी ६.७ अंश कललेला आहे, म्हणून कधी उत्तर ध्रुवापलीकडचं दिसतं, कधी दक्षिण.

पाहायचं असेल तर मारे क्रिसियमवर लक्ष ठेवा. चंद्राच्या ईशान्य भागात वेगळा पडलेला तो काळा लंबगोल डाग, साध्या १०×५० बायनॉक्युलरला पुरेसा. तो आपल्याला उभा लांबट दिसतो, खरं तर तो पूर्व-पश्चिम जास्त रुंद आहे. कडेजवळ असल्यामुळे चेपलेला दिसतो. चंद्राची कड आणि क्रिसियमची पूर्वेची किनार यांच्यात किती जागा आहे ते क्रिसियमच्या रुंदीच्या पटीत लिहून ठेवा. उपभूनंतर साधारण आठवड्याने आणि अपभूनंतर आठवड्याने तुलना केलीत तर फरक नजरेत भरतो. एका वेळी क्रिसियम कडेला चिकटलेलं वाटतं, दुसऱ्या वेळी मध्ये ऐसपैस पट्टी असते. दोन्ही वेळा ते उजेडात हवं, हे आधी तपासा.

लाटागणित:

भरतीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३ लाख ५७ हजार आणि ४ लाख ६ हजार किलोमीटर या टोकांमध्ये अंतराचा फरक १४ टक्के, भरतीच्या ओढीचा मात्र ४७ टक्के. सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे ४६ टक्के. म्हणून उपभूजवळ पौर्णिमा किंवा अमावास्या आली की पाणी सर्वात जास्त चढतं. तरी सर्वात मोठी भरती बहुतेक किनाऱ्यांवर त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, कारण समुद्राच्या पाण्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. पौर्णिमेच्या दिवशीच कमाल भरती गृहीत धरून वेळापत्रक आखणं चुकीचं.

चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब जातो तेही यातूनच. पृथ्वी दिवसात एकदा फिरते आणि चंद्राला फेरीला २७.३ दिवस लागतात, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, चंद्र त्याला मागे. पृथ्वीचा कोनीय संवेग चंद्राकडे जातो. इथे बरेच जण अडखळतात: पुढे खेचल्यावर चंद्राचा वेग वाढायला हवा ना? नाही. तो वरच्या कक्षेत जातो आणि तिथला वेग कमीच असतो. हे अंतर अपोलो ११, १४, १५ मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आणि दोन सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवर बसवलेल्या परावर्तकांवर लेझर सोडून मोजतात. प्रकाशाला जाऊन यायला अडीच सेकंदांच्या जरा वर लागतात.

३.८ चा आकडा घेऊन मागे मोजत जाऊ नका. आजच्या अंतरावरून भौतिकीच्या नियमांनी उलटं गेलं तर चंद्र दीड अब्ज वर्षांपूर्वीच पृथ्वीला चिकटलेला निघतो, आणि चंद्राचं वय तर साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास आहे. आजच्या महासागरांचा आकार भरतीच्या लयीशी नेमका जुळतो, म्हणून आजचा वेग नेहमीपेक्षा जास्त आहे. खंडांची मांडणी वेगळी होती तेव्हा तो कमी होता.

अष्टमी:

मूळ प्रश्नाकडे येते. वरच्या रीतीने भोग आणि शर मिळाला, त्यावरून विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) आणि मग चंद्रोदय काढला. पंचांगापेक्षा चार-पाच मिनिटं आधी येतोय.

क्रांतिवृत्त:

तुम्ही सूर्योदयाचं सूत्र वापरलंत, असं दिसतंय. सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला असताना उदय धरतात: ३४ वक्रीभवनाच्या, १६ अर्ध्या बिंबाच्या. चंद्राला लंबन आहे. आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर आहोत, त्यामुळे क्षितिजावरचा चंद्र सुमारे ५७ कला खाली दिसतो. ५७ मधून ३४ आणि १५.५ वजा करा, उरल्या ७.५. म्हणजे गणिताने मध्य क्षितिजाच्या ७.५ कला वर आल्यावर चंद्रोदय. उपभूजवळ लंबन ६१ कलांपर्यंत जातं, अपभूजवळ ५४ पर्यंत उतरतं, तेही घ्या. सूर्याचा आणि चंद्राचा हा फरक जवळपास एक अंश भरतो, तेच विषुववृत्ताजवळ चार मिनिटं आणि वरच्या अक्षांशांवर जास्त.

दुसरी गोष्ट, मध्यरात्रीची चंद्राची जागा घेऊन एकदाच काढू नका. आलेल्या वेळेची जागा काढून पुन्हा करा. तीन फेऱ्यांत मिनिटावर स्थिरावतं.

आणि एखाद्या तारखेला उत्तरच आलं नाही तर गणित चुकलं असं समजू नका. चांद्रमासाच्या २९.५३ दिवसांत चंद्रोदय सरासरी २८.५३च होतात, म्हणून महिन्यात एक तारीख चंद्रोदयाविना जाते. ती कृष्ण अष्टमीच्या आसपास येते, कारण तेव्हा उदय मध्यरात्रीला असतो आणि रात्री ११:४० नंतरचा पुढचा उदय थेट दुसऱ्या रात्री १२:३० ला, म्हणजे एक तारीख ओलांडून पडतो. चंद्रास्ताविना जाणारी तारीख तशीच शुक्ल अष्टमीच्या जवळ सापडेल. ६१ अंशांच्या वरच्या अक्षांशांवर मात्र कारण वेगळं असू शकतं: क्रांती २८.५ अंशांपर्यंत जाते त्या वर्षांत, २०२५ हे तसंच होतं, तिथे चंद्र दर महिन्यात काही काळ उगवतच नाही आणि काही काळ मावळतच नाही.